परदेशी निघण्यापूर्वी
(निघोजे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



निघोजे गावाच्या शिवारात कारखाने उभे राहिले, आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी देहू-आळंदीपलीकडचे जग क्वचितच पाहिले होते त्यांची मुले यंत्रे बसविण्यास वा विद्यार्जनास परदेशी जाऊ लागली. ही भूषणाची गोष्ट होय. परंतु जेथील राज्यव्यवस्था अस्थिर आहे अशा देशी जाणाऱ्याची चिंता केवळ दैवावर सोपवून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

युक्रेनचेच उदाहरण घ्या. तेथील भारतीय वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यार्थ्यांस तात्पुरता देश सोडण्याचा विचार करण्यास सुचविले. २४ फेब्रुवारीस युद्ध पेटले व विमानमार्ग बंद झाले. मधले नऊ दिवस हाती होते. पण वर्ग चालू होते, तिकिटे महागली होती, घरी कर्ज होते. म्हणून कित्येक थांबले. पुढे सरकारने ‘ऑपरेशन गंगा’द्वारे शेजारच्या देशांतून हजारोंना परत आणले. मात्र सीमेपर्यंतची वाट अनेकांना कडाक्याच्या थंडीत स्वतःच काढावी लागली, आणि खारकीव्ह शहरात १ मार्च रोजी एक भारतीय विद्यार्थी प्राणास मुकला.

सुदानात तर तेवढीही सवड मिळाली नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टुममध्ये लढाई जुंपली आणि विमानतळच रणभूमी झाला. आपल्या लोकांना शेकडो मैलांवरील पोर्ट सुदान बंदर गाठून तेथून जेद्दामार्गे परतावे लागले.

यास्तव पोहोचताच वकिलातीत नाव नोंदवावे. पारपत्र स्वतःजवळ व त्याची प्रत घरी असावी. विमानतळाखेरीज दुसरी वाट आधीच पाहून ठेवावी. थोडी रोकड, औषधे व आठवड्याची शिधासामग्री जवळ बाळगावी. मोर्चे व जमाव टाळावेत. गोळीबार सुरू झाल्यास वकिलातीचा सल्ला मिळेपर्यंत आश्रय सोडू नये.

तथापि सर्वांत मोठी जबाबदारी घरच्यांची आहे. ‘अर्ध्यावरून परत आला’ या बोलाच्या भीतीने मुले धोक्यात थांबतात. निरोप देतानाच वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे, ‘पहिली सूचना येताच निघून ये, फी बुडाली तरी चालेल.’ परतीच्या भाड्याची रक्कम निराळी ठेवावी, आणि ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी मंडळाने बिनव्याजी निधी उभारावा, अशी आमची विनंती आहे. बुडालेले वर्ष पुन्हा भरून काढता येते. गेलेला मुलगा परत येत नाही.