हरिपूरची पेवं

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला 'आपली सांगली' हा विषय दिला आणि वेळ दिली दहा मिनिटं! गणपती मंदिर, आयर्विन पूल, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी केलेलं 'सीतास्वयंवर' यांवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे इथं बसलेत. मी हळदीवर बोलतो. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी हळदीतूनच भरली गेली. कुणाचे वडील अडते, कुणाचे दिवाणजी, कुणाचे हमाल. कुणाच्या दप्तराला हळदीचा वास येतो, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

आसपासच्या शिवारात हळद पिकायचीच, पण पार निजामाबादहून, कर्नाटकातूनही माल सांगलीला यायचा. भाव मिळायचा हे खरं. पण माल ठेवायला जागा होती, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. ती जागा म्हणजे हरिपूरची पेवं.

तरुण मंडळींसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती घट्ट माती खोल खणली तरी ढासळायची नाही. तोंड अरुंद, खाली पोट मोठं. आतून पाल्याचं अस्तर लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जीव घ्यायची. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो विझला की थांबायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, पेव भरणाऱ्यांच्या अंगात होतं.

माल खाली पडून राही आणि वर बाजारात त्याचे मालक बदलत. सरांनी वायदेबाजार फळ्यावर शिकवला. सर, रागावू नका, पण सायकलीवरून हरिपूरला नेलं असतंत तर आम्हाला तो एका दुपारी कळला असता.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेली, आणि व्यापाऱ्यांचा पेवांवरचा विश्वासही गेला. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. पुढच्याच वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं 45 ची!

आज हरिपुरात देवलांचं गाव म्हणून पाहुणे येतात, संगमेश्वराचं दर्शन घेतात, भडंग घेऊन परततात. पेव कुठं होतं हे त्यांना कोण दाखवणार? बुजलेल्या पेवांवर आता काही दिसत नाही. जागा माहीत असलेली माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यातले तिघे-चौघे आपल्याच वर्गातल्या मुलांचे वडील आहेत.

म्हणून एक विनंती. उद्या सकाळी नाश्त्यानंतर सातारला-पुण्याला निघायची घाई करू नका. साडेआठला दोन गाड्या हरिपूरला जातील. वडिलांना बरोबर आणा, चालता येत नसेल तर खुर्ची आम्ही आणतो. ते बोट दाखवतील तिथं आपण खुणेचा दगड ठेवू आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर उतरवून घेऊ. भडंग माझ्याकडून.