पारितोषिकासाठीं अर्ज

इमारत पुरी होते, जिन्यांतला ओल्या चुन्याचा वास उडून जातो, गाळ्यांची विक्री आटोपते, आणि मग तिच्या धन्याच्या मेजावर एक निराळाच कागद येऊन पडतो. नगरपालिकेचे सर्व कागद तोंवर निकालांत निघालेले असतात. हा कागद कोणी सक्तीनें मागितलेला नसतो. पुष्कळदां तो भरून धाडण्यासाठीं उलट शुल्कच द्यावें लागतें. उत्कृष्ट इमारत-व्यवसायाबद्दल एखाद्या प्रांतांत अथवा खंडांत दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचा तो अर्ज असतो.

असल्या पारितोषिकांविषयीं सुशिक्षितांच्या मनांत थोडा उपहास असतो, आणि तो अगदींच अनाठायीं आहे असें नाहीं. चकचकीत पदक, एक मेजवानी आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात, एवढ्यासाठींच कांहीं पारितोषिकें जन्मास आलेलीं दिसतात. परंतु सर्वांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. अमेरिकेंत १९३६ सालीं स्थापन झालेली अर्बन लँड इन्स्टिट्यूट ही संस्था १९७९ पासून असें पारितोषिक देत आली आहे, आणि पुढें आशिया-पॅसिफिक विभागासाठींही तिनें तें सुरू केलें. तिचा दंडक ध्यानांत घेण्याजोगा आहे. नुसत्या दर्शनी शोभेवर ती भाळत नाहीं. जागेची निवड, पैशाची जुळणी, आराखडा, बांधणी, मागाहूनची व्यवस्था आणि भोंवतालच्या वस्तीला झालेला लाभ, असा सारा व्यवहार ती तपासून पाहते. म्हणजे वास्तुशिल्पज्ञाच्या कौशल्याबरोबर, ज्यानें जमीन घेतली व भांडवल घातलें त्याच्या विवेकाचीही परीक्षा होते.

ही निवड विभागवार कां, हें उघड आहे. टेक्सासच्या मोकळ्या माळावर बांधणाऱ्याची अडचण वेगळी; डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटींत सांपडलेल्या हाँगकाँगसारख्या शहरांत बांधणाऱ्याची वेगळी.

अर्ज लिहितांना मात्र बहुतेकांची एकच चूक होते. विक्रीसाठीं छापलेली पुस्तिका समोर ठेवून तींतील विशेषणें ते अर्जांत उतरवतात. सर्व इमारती भव्य, सर्व दालनें प्रशस्त, सर्व उद्यानें रमणीय! छायाचित्रें तर अशीं कीं, जणूं त्या घरांत मनुष्यप्राणी राहावयाचाच नाहीं. पहाटेचा कोंवळा प्रकाश, स्वच्छ फरशी आणि दोरीवर एकही वाळत घातलेलें धोतर किंवा लुगडें नाहीं. एकामागून एक असे अर्ज वाचणाऱ्या परीक्षकाला विशेषणांची शिसारी आलेली असते. त्याला पाहिजे असतात आंकडे, नकाशे, आधींची आणि नंतरची स्थिति. आणि त्याहून एक साधा प्रश्न त्याच्या मनांत असतो. येथें पूर्वीं कोण राहत होतें, आणि तीं माणसें आज कोठें आहेत? या रकान्यापाशीं आल्यावर भल्याभल्यांची लेखणी अडते.

हा रकाना ज्यांना मान वर करून भरतां आला, अशांचें एक उदाहरण हाँगकाँगचेंच आहे. युनेस्कोच्या बँकॉक येथील कार्यालयातर्फे २००० सालापासून आशिया-पॅसिफिक विभागांतील जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल पारितोषिकें दिलीं जातात. त्यांच्या नियमांप्रमाणें वास्तु पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते, मालकाची संमति लागते, दुरुस्तीचें काम गेल्या दहा वर्षांत पुरें झालेलें असावें लागतें; शिवाय काम पुरें झाल्यावर ती निदान एक वर्ष प्रत्यक्ष वापरांत असली पाहिजे. ही शेवटची अट ज्यानें घातली त्याला घरांची खरी पारख असली पाहिजे. कारण घराचे दोष उद्घाटनाच्या दिवशीं दिसत नाहींत. ते पहिल्या पावसाळ्यांत दिसतात.

हाँगकाँगच्या वान चाय भागांत १९२० नंतरच्या दशकांत बांधलेली एक चार मजली इमारत आहे. खालीं दुकानें, वर भाडेकरूंच्या खोल्या, लांकडी जिना आणि रस्त्यावर आलेले सज्जे. गिरगांवांत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटूं नये. तळमजल्यावर हाडवैद्याचा दवाखाना असे. तिचें नांव निळें घर. नांवामागची गंमत अशी सांगतात कीं, सरकारनें ती रंगवावयास काढली तेव्हां पाणीपुरवठा खात्याच्या कोठारांत निळाच रंग तेवढा शिल्लक होता! शेजारीं पिवळें आणि नारिंगी अशीं आणखी दोन घरें आहेत. वर्षानुवर्षें या निळ्या घरांत धुवून निघणारे संडास नव्हते. मैला बादल्यांतून वाहून न्यावा लागे. तेव्हां जुन्या चाळीचें काव्य गाणाऱ्यांनीं तेवढें विसरूं नये.

२००६ सालीं या वास्तूंना नवें रूप देण्याची एक योजना पुढें आली. चहा आणि चिनी औषधी या विषयांना वाहिलेलें प्रेक्षणीय स्थळ तेथें व्हावयाचें होतें. रहिवाशांनीं मोबदला घेऊन अन्यत्र जावयाचें होतें. भिंती वांचणार होत्या, माणसें जाणार होतीं. रहिवासी, शेजारी आणि त्या भागांतील समाजसेवक एकत्र आले आणि त्यांनीं मागणी केली कीं, घरही राहिलें पाहिजे आणि घरांतील माणसेंही. सरकारनेंही अखेरीस हें मान्य केलें. सेंट जेम्स सेटलमेंट या सेवाभावी संस्थेकडे काम सोंपविण्यांत आलें. जिने व सज्जे दुरुस्त झाले, संडास आले, म्हाताऱ्यांसाठीं पाळणा आला. आणि ज्या जुन्या कुटुंबांना राहावयाचें होतें तीं राहिलीं. रिकाम्या खोल्या नव्या भाडेकरूंना देतांना भाड्याबरोबरच, शेजाऱ्यांसाठीं तुम्ही काय कराल, हेंही विचारलें जाऊं लागलें.

२०१७ सालीं युनेस्कोचें त्या विभागांतील सर्वोच्च श्रेणीचें पारितोषिक या घरांना मिळालें. त्याच वर्षीं मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसलाही गुणवत्तेचें पारितोषिक लाभलें होतें; तें नाट्यगृह देखणें आहे आणि त्याचा जीर्णोद्धारही निष्ठेनें झाला. परंतु निळ्या घराच्या बाबतींत परीक्षकांनीं विशेष गौरव केला तो नागरिकांच्या प्रयत्नाचा. जमिनीचा भाव ज्या शहरांत जगांतील अत्यंत चढ्या भावांपैकीं आहे, तेथें सामान्य भाडेकरूंनीं आपली जागा राखली, ही गोष्ट त्यांना कोणत्याही नक्षीकामाहून मोठी वाटली.

निळें घर उभें राहिलें त्याच सुमारास मुंबईंत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. तेथें निराळा मार्ग धरला गेला. जुन्या चाळी पाडून उंच इमारती बांधावयाच्या आणि जुन्या रहिवाशांनाच तेथें घरें द्यावयाचीं. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्यें देण्यांत आल्या. त्या कामासाठीं असा अर्ज लिहावयास उद्यां कोणी बसलाच, तर १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं ५०० चौरस फुटांचें घर, असें त्याला अभिमानानें लिहितां येईल, आणि तें लहानसहान नाहीं. पण सामायिक गॅलरींत ज्यांचा संसार अर्धा बाहेर असे, त्यांचा शेजार विसाव्या मजल्यावर टिकला कीं नाहीं, आणि उद्वाहनाचा व देखभालीचा खर्च त्यांना झेपला कीं नाहीं, हे रकाने त्याला तूर्त कोरेच ठेवावे लागतील. ते भरण्यापूर्वीं अजून कांहीं पावसाळे जावयाचे आहेत.