बिनड्रायव्हरची टॅक्सी आणि आपली जीप

मागच्या बैठकीत आमच्या गटात एक व्हिडिओ फिरला. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात वेमो कंपनीची टॅक्सी येते, माणसं बसतात, पुढे ड्रायव्हरच नाही! एका आजींनी विचारलं, "मग भाडं कोणाच्या हातात द्यायचं?"

हसून झालं, मग बोलणं सुरक्षिततेवर आलं. ही गाडी पीत नाही, पेंगत नाही, फोनवर बोलत नाही. हे थोडं नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. ड्रायव्हर म्हणाला, टायर फुटला. परिवहन खात्याच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. डुलकीचा संशय व्यक्त झाला.

पण यंत्रही चुकतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि ती क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीपुढे पडली. ती गाडी तिला धडकून थांबली. मग कडेला लागायचं म्हणून पुन्हा हलली आणि बाईला सुमारे २० फूट फरफटत नेलं. खाली माणूस आहे हे तिला उमगलंच नाही. ड्रायव्हर असता तर आरडाओरडा ऐकून खाली उतरला असता. महिनाभरात सरकारने क्रूझचा परवाना थांबवला.

देखभालीचं म्हणाल, तर त्या टॅक्सीचे कॅमेरे पुसायला, टायर बघायला डेपोत माणसंच लागतात. आपल्याकडे जीपवाल्या भाऊंचा हप्ता थकलेला, म्हणून टायर गुळगुळीत होईपर्यंत चालतो. त्यांची अडचण आम्हाला कळते, पण जीव आपला आहे.

गडकरी साहेबांनी सांगितलंय, ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. म्हणजे पावसाळ्यात धुक्यातून सावळ घाट आपल्याला भाऊच पार करून देणार. शेळ्या आडव्या आल्या, दरड पडली, तर काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं.

प्रवासी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ती तारीख विचारायचा आपल्याला हक्क आहे. नागलीचे पापड घेऊन नाशिकला जाताना आम्ही आता आधी टायर बघतो, डोकी मोजतो, वास आला तर बसत नाही. पुढच्या फेरीला फिटनेसचा कागद दाखवा म्हटलं, तर भाऊ जरा रुसलेत. कागद मात्र आणतो म्हणालेत.