सावली कुणाच्या बापाची?

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मला इथं कवी म्हणून उभं केलंय, पण आज मी कविता वाचणार नाही. मी दहावी पास, गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा माणूस. हवामान बदलावरच्या चर्चासत्राला मला कुणी बोलावणार नाही. तिथं एसीत बसून विद्वान सांगतात, पृथ्वीला ताप आलाय. आला असेल. पण त्या तापाचा घाम कुणाच्या अंगातून निथळतोय, हे कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

माणूस तापमान मोजायला लागला तेव्हापासून २०२४ इतकं गरम साल जगात झालेलं नाही. कारखाने येण्याआधीच्या काळापेक्षा पृथ्वी त्या वर्षी सुमारे दीड अंशानं जास्त तापली. हे कोळसा आणि तेल जाळून झालंय. दीड अंश ऐकून पांढरपेशा माणूस पंख्याचा नंबर वाढवतो आणि झोपतो. त्याला एकदा मे महिन्यात बोटीच्या पोटात उतरवा. चारी बाजूंनी लोखंड, वारा नाही, वर भर दुपारचं ऊन, खाली पोलादाच्या कॉइल. हात लागला की चटका. मुंबईची हवा दमट. घाम गळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. म्हणून पेपरात ३४ अंश छापलेले असतात आणि आत माणूस शिजत असतो. हवामान खात्याचा नियम असा, की किनाऱ्यावर पारा निदान ३७ वर गेला पाहिजे आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला पाहिजे, तेव्हा ती उष्णतेची लाट. म्हणजे बहुतेक दिवस आमच्यासाठी लाटच नसते. बोटीच्या पोटात थर्मामीटर घेऊन कोण उतरतो?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या टोळीतला एक गडी खाली कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि बडबड सुरू. चौघांनी शिडीवरून वर ओढला. वर आल्यावर सुपरवायझरचा पहिला प्रश्न, रात्री किती ढोसली होती? तो गडी सुपारीसुद्धा खात नाही. हजेरीत अर्धा दिवस लावला. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, चक्कर. तो वाचला, पण आता त्याला जड काम झेपत नाही. बायको चार घरची धुणीभांडी करून त्याला पोसते. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ लाच आला. कामावर, कामामुळं अपघात झाला तर मालकानं भरून द्यायचं. पण कागदावर चक्कर असेल तर मागणार काय? कागदावर ऊन नाही, म्हणजे उन्हानं कुणी पडलंच नाही. ह्या देशात आपण मरतो तेसुद्धा दुसऱ्याच्या अक्षरात.

काही शहाणे म्हणतात, निसर्गापुढं सगळे सारखे. च्यायला, कुठले सारखे? दुपारी दोन वाजता रस्त्यावर बघा. डांबर कोण ओततंय, गटारात कोण उतरलंय, झाडू कुणाच्या हातात आहे, नाक्यावर कामाची वाट बघत कोण उभं आहे. त्यांची आडनावं विचारा आणि मला येऊन सांगा. सूर्य जात विचारत नाही. पण उन्हात कुणाला उभं करायचं, हे जातीनं कधीच ठरवून ठेवलंय. रात्री आपण घरी येतो तर डोक्यावर पत्रा. पत्रा दिवसभराचं ऊन गिळून बसलेला असतो, तो रात्रभर ते आपल्या अंगावर ओकतो. न झोपलेला माणूस सकाळी परत त्याच लोखंडात उतरतो.

सरकारला हे माहीत नाही असं समजू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. मंचावर सावली होती, लाखो लोक उघड्या मैदानात. उष्माघातानं १४ माणसं गेली. त्यानंतर सरकारनं ठरवलं, त्या उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत. म्हणजे दुपारचं ऊन माणूस मारतं, हे सरकारनं स्वतःच कबूल केलं. मग कार्यक्रम बंद आणि हमाली चालू, हा कुठला न्याय? भाषण ऐकणाऱ्याला सावली आणि ओझं वाहणाऱ्याला नाही? कतारचं राज्य काही कामगारांचं राज्य नव्हे, पण तिथंसुद्धा २०२१ पासून उन्हाळ्यात सकाळी १० ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे.

आता यादीची गंमत ऐका. आपत्ती आली की मदत द्यायची म्हणून केंद्राची एक यादी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या यादीत थंडीची लाट होती, गारपीट होती, हिमस्खलन होतं. उष्णतेची लाट नव्हती. त्याच उन्हाळ्यात, २० मे ला, मुंबईनं रांगेत घामाघूम होऊन मतदान केलं. मत उन्हात घेतलं, मदतीच्या यादीत ऊन नव्हतं.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी कुणाच्या मालकीचं नाही, हे त्यांनी दाखवलं. आजचं चवदार तळं म्हणजे सावली आहे. तीही सनातन्यांसारखीच वाटून घेतलीय: वरच्यांना एसी, खालच्यांना पत्रा. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. १९४६ ला कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. सांगतात, आठवडा ४८ चाच आहे, काळजी नको. अरे, दहाव्या, अकराव्या तासाला भट्टीसमोर उभा असलेला माणूस आठवड्यात मरत नाही, त्या तासात मरतो!

२०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा हक्क संविधानाच्या १४ आणि २१ कलमांत आहे. समता आणि जीवन. ही कलमं आपल्या बापानं लिहून ठेवलीत. पण कोर्टाचा निकाल आपोआप शिडीवरून बोटीच्या पोटात उतरत नाही. तो उतरवावा लागतो, मालासारखा, खांदा देऊन.

आता आपल्याच घरातलं बोलतो. १४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. आपले पुढारी काचा लावलेल्या गाडीतून येतात, हार घेतात, जातात. बॅनरवर त्यांचे फोटो असतात. त्या बॅनरखाली निदान पाण्याचा पिंप ठेवायला सांगा त्यांना. पर्यावरण हा झाडं लावणाऱ्यांचा विषय, आपला नव्हे, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना सांगा, ज्याच्या डोक्यावर ऊन, त्याचा हा विषय.

आपली मागणी दयेची नाही. उन्हाळ्यात दुपारचं काम बंद, पण मजुरी चालू. जिथं काम तिथं गार पाणी आणि सावली. कंत्राटी असो, नाक्यावरचा असो, नियम एकच. उन्हानं पडला तर कागदावर ऊन लिहायचं.

आणि तुम्ही जे शिकलेले आहात, कॉलेजात जाता, तुम्हाला एक काम देतो. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोण पडलं, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या कामावर, हजेरीत काय लावलं आणि दवाखान्यानं काय लिहिलं, सगळं टिपा. दोन माणसांच्या सह्या घ्या. ज्यांची नावं सरकारी कागदात नाहीत, त्यांची नावं आपल्या अक्षरात आली पाहिजेत. अशा शंभर वह्या झाल्या की आपण त्या घेऊन मंत्रालयावर जाऊ. दुपारी दोनलाच जाऊ. साहेबांनाही जरा खाली उन्हात बोलावू.

जयभीम.