वेळेची शिस्त आणि गुणांचा न्याय

(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



जानेवारी सरत आला की महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत एक दृश्य हमखास दिसते. शिक्षक-कक्षाच्या दाराशी प्रयोगवह्या आणि प्रकल्पवह्या छातीशी धरून मुले उभी असतात. कोणाची वही पूर्ण, कोणाची अर्धवट, कोणी आदल्या रात्री मैत्रिणीची वही समोर ठेवून उतरवून काढलेली. अंतिम दिनांक उलटून आठवडा झालेला असतो. शिक्षक म्हणतात, ‘‘वही ठेव, पण गुण निम्मेच मिळतील.’’ मूल निमूटपणे परत फिरते आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत हजर होतात. ‘‘सर, वही पूर्ण आहे ना? मग गुण कशाचे कापले?’’ शिक्षकांचे उत्तर ठरलेले असते, ‘‘आणि ज्यांनी वेळेवर दिली, त्यांनी काय अपराध केला?’’

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. वस्तुतः या वादात दोन निरनिराळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या गेल्या आहेत, हे कोणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्याला काय येते हे गुणांनी सांगायचे असते. त्याने काम केव्हा आणून दिले, ही बाब वेगळी. वीसपैकी बारा गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रयोग नीट जमत नाहीत, की प्रयोग उत्तम करूनही त्याने वही आठ दिवस उशिरा दिली? गुणपत्रिका हे सांगत नाही. अकरावीच्या प्रवेशाची यादी तर मुळीच विचारीत नाही. त्या यादीत एकेका गुणावर महाविद्यालय बदलते.

याच प्रश्नावरून कॅनडातील एडमंटन शहरात 2012 साली एका शिक्षकाची नोकरी गेली. लिंडन डॉर्वल हे तेथील एका विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. तीन दशकांहून अधिक अध्यापनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. न दिलेल्या कामाला शून्य गुण देऊ नयेत, त्याऐवजी नुसती खूण नोंदवावी, असा शाळेचा नियम होता. शून्य हे वर्तनाला दिलेले शासन आहे, ज्ञानाचे मोजमाप नव्हे, ही त्यामागची भूमिका. डॉर्वल यांनी शून्य देणे थांबविले नाही. त्यांना प्रथम निलंबित आणि पुढे बडतर्फ करण्यात आले. विद्यार्थी आणि पालक मोठ्या संख्येने त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि 2014 मध्ये अपील मंडळाने ही बडतर्फी अन्यायकारक ठरविली. डॉर्वल यांचे शून्य कायमचे नसे, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. विद्यार्थ्याने काम पूर्ण करून आणावे, त्याला गुण मिळत. शाळेचा सिद्धांत ऐकावयास उदार होता, पण वर्गात मुलाला काम करायला भाग पाडीत होता तो शून्य देणारा शिक्षकच. उदारता आणि दुर्लक्ष यांतील अंतर फार थोडे असते.

तेव्हा उशीर सरसकट माफ करा, असे कोणी म्हणू नये. ज्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत बसून प्रकल्प पूर्ण केला आणि नेमल्या दिवशी आणून दिला, तिच्यासमोर महिनाभराने तेवढेच गुण दुसऱ्याला मिळाले, तर शाळेने तिला काय शिकविले? शिस्त हा संस्कार आहे आणि तो शाळेत नाही तर कोठे व्हायचा! प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नाहीच. शिस्तीचे शासन ज्ञानाच्या आकड्यातून वसूल करावे काय, आणि उशीर नेमका कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

उशीर कोणाचा, हे पाहण्यासाठी मध्यमवर्गीय वस्तीतील शाळेतून बाहेर पडून बीड जिल्ह्यातील एखाद्या गावच्या शाळेत जावे लागेल. दिवाळीच्या सुमारास तेथील पटावरची मुले एकाएकी कमी दिसू लागतात. आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि अशा कोयत्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. हंगामी वसतिगृहांमुळे किंवा आजी-आजोबांच्या आधाराने काही मुले गावी राहतात. बाकीची बैलगाडीबरोबर, ट्रकबरोबर जातात. पाचट गोळा करायचे, धाकट्या भावंडाला सांभाळायचे, पहाटे उठून पाणी आणायचे. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत चालते आणि प्रकल्पांचे दिनांकही याच महिन्यांत पडतात. त्या मुलाची वही एप्रिलात आली, तर तो उशीर त्याचा म्हणावा काय? परीक्षेचा अर्ज उशिरा भरणाऱ्या विद्यार्थ्याला मंडळ विलंब शुल्क घेऊन सवलत देते. म्हणजे पैसे मोजून माफ होणारा उशीर व्यवस्थेला मान्य आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्या उशिराला मात्र गुणांतून किंमत मोजावी लागते. ही विसंगती कोणाही सहृदय माणसाला बोचल्यावाचून राहणार नाही.

आणि वेळेवर आलेल्या सगळ्या वह्या मुलांच्याच असतात, असेही नाही. शहरांतील स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळतात. थर्माकोलचे ज्वालामुखी आणि सौरमाला आई-वडील रात्री जागून करतात. मूल तोवर झोपलेले असते. सकाळी सुबक प्रकल्प वेळेवर शाळेत पोहोचतो आणि पूर्ण गुण घेऊन परत येतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बालपणीची एक आठवण महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. गणित बरोबर सोडविल्याबद्दल गुरुजींनी कौतुक केले, तेव्हा लहानगा गोपाळ रडू लागला. कारण उत्तर काढताना त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. ही गोष्ट मुलांना सांगणारे पालकच रात्री कात्री आणि डिंक घेऊन बसतात, याला काय म्हणावे?

अंतर्गत गुणांकडे समाज संशयाने पाहतो, त्याचे कारण येथे आहे. 2018-19 या वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून टाकले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळत असताना राज्य मंडळाच्या मुलांनीच का मागे पडावे, अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. 2021 मध्ये महामारीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या वर्षभरातील मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेचे वीस, अशा हिशोबाने गुण दिले गेले. निकाल लागला 99.95 टक्के. या आकड्यांवरून शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. गुण कसे द्यायचे हे ज्यांना कोणी नीट सांगितले नाही आणि शाळेच्या निकालाचे ओझे ज्यांच्या डोक्यावर ठेवले गेले, त्यांनी सढळ हाताने गुण दिले, यात नवल ते काय?

विद्यार्थ्यांकडून वेळेची अपेक्षा करणाऱ्या संस्थांनी स्वतःचे घड्याळही पाहावे. परीक्षेनंतर तीस दिवसांत आणि उशिरात उशिरा पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा, असे 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ऐनवेळी ठरविले आणि सारे गणित कोलमडले. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही पाळली गेली नाही. पुढील शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या कित्येकांचे प्रवेश अडचणीत आले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, हे खरे. परंतु विद्यार्थ्यांचे गेलेले महिने त्यामुळे परत आले नाहीत.

आता गुणांवरील तंट्याविषयी. या बाबतीतला महत्त्वाचा न्यायनिर्णय महाराष्ट्राच्याच मंडळासंबंधी आहे. गुणांची बेरीज पडताळून मिळेल, परंतु उत्तरपत्रिका पाहावयास मिळणार नाही आणि तिचे पुनर्मूल्यांकनही होणार नाही, असा मंडळाचा नियम होता. परितोष शेठ यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा वैध ठरविला. लक्षावधी विद्यार्थ्यांच्या परीक्षेला कोठेतरी पूर्णविराम हवा, नाहीतर प्रवेशच खोळंबतील, हा त्यातील व्यवहारी मुद्दा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माहितीचा अधिकार आल्यानंतर चित्र पालटले. केंद्रीय मंडळासंबंधीच्या आदित्य बंदोपाध्याय खटल्यात ऑगस्ट 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे. परीक्षकाची ओळख मात्र उघड होता कामा नये. स्वतःच्याच हाताने लिहिलेला कागद पाहावयास मिळण्यासाठी या देशातील विद्यार्थ्याला किती काळ थांबावे लागले!

आज राज्य मंडळाचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवू शकतो, ती आपल्या विषयशिक्षकाला दाखवू शकतो आणि त्यांच्या अभिप्रायासह पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू शकतो. या पद्धतीतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे मधला शिक्षक. रागाच्या भरात आलेल्या पालकाला तो शांतपणे सांगू शकतो की, येथे गुण वाढण्यासारखे काही नाही. आणि जेथे खरोखर चूक झाली असेल, तेथे त्याची स्वाक्षरी मुलाच्या बाजूने उभी राहते. परंतु पुनर्मूल्यांकन होते ते लेखी उत्तरपत्रिकेचे. उशिरा दिलेल्या वहीचे जे दोन-तीन गुण शाळेत कापले गेले, त्यांची दाद मागण्यासाठी विद्यार्थ्याला मंडळाचे दार मोकळे नाही. मंडळाकडे आलेला असतो तो केवळ एक आकडा. म्हणून ऐंशी गुणांपेक्षा या वीस गुणांविषयी शाळेने अधिक जागरूक राहावयास हवे.

पालकांनाही एक परखड गोष्ट ऐकावी लागेल. अर्ध्या गुणासाठी मुलाला बरोबर घेऊन शाळेत जाणे आणि त्याच्यादेखत शिक्षकांशी हुज्जत घालणे, यातून मिळालेला गुण फार महाग पडतो. शंका जरूर विचारावी. मुलाला बाहेर बसवून, शिक्षकांची वेळ घेऊन विचारावी. शिक्षकांनीही ‘‘माझा निर्णय अंतिम’’ असे म्हणण्याऐवजी वही समोर ठेवून कारण दाखवावे.

जून महिन्यात शाळा उघडते, पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होते. त्याच सभेत वर्षभरातील कामांचे दिनांक आणि गुणांची विभागणी लेखी स्वरूपात द्यावी. जे नियम जूनमध्ये सांगितले नाहीत, ते फेब्रुवारीत लावू नयेत. शिक्षकांच्या नोंदवहीत दोन रकाने असावेत, एक कामाच्या गुणांचा आणि दुसरा दिनांकाचा. कामाचे गुण कामावरूनच द्यावेत. वेळ न पाळणाऱ्याला शाळा सुटल्यावर बसवून काम पूर्ण करून घ्यावे, घरी चिठ्ठी पाठवावी, प्रगतिपुस्तकात शेरा लिहावा. शासनाचे मार्ग पुष्कळ आहेत. आजारपण, घरातील संकट, स्थलांतर यांसाठी मुदत वाढवून देण्याचा अधिकार वर्गशिक्षकाला असावा आणि ती का वाढविली, हे त्याने नोंदवहीत लिहून ठेवावे. गुणांविषयी तक्रार असेल, तर त्या विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने वही पाहावी आणि आठ दिवसांत निर्णय द्यावा, म्हणजे गुण मंडळाकडे जाण्यापूर्वीच काय ते ठरेल. यासाठी निधी लागत नाही की शासनाचा आदेश लागत नाही.

आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावी हा दिनांक दिवाळीपूर्वीच, मुले गावात असतानाच, ठरवावा लागेल. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने त्या मुलाच्या हाती वही आणि कामाची यादी द्यावी, आणि गाळप हंगाम आटोपून ते गावी परतले की ती वही मागून घ्यावी.