फंक्शन आहे का, हे कंपायलरलाच विचारा

कोलकात्याहून बोलतोय. आजचा विषय सी प्लस प्लसचा आहे. एखाद्या क्लासमध्ये अमुक नावाचं मेंबर फंक्शन आहे की नाही, हे कार्यक्रम चालण्याआधी, म्हणजे कंपाइल होतानाच कसं ओळखायचं? ज्यांनी टेम्प्लेट थोडे वापरलेत, त्यांना सगळं कळेल. बाकीच्यांनीही थांबा, कल्पना सोपी आहे.

आधी फरक समजून घेऊ. इथल्या ट्रॅममध्ये आपण आधी चढतो, मग कंडक्टर येऊन तिकिटाचं विचारतो. मेट्रोत मात्र फाटकच तपासतं, तिकीट नसेल तर आत पाऊलच पडत नाही. पहिली तपासणी रनटाइमची, दुसरी कंपाइल टाइमची. गाडी सुटल्यावर कळलेली चूक महाग पडते.

याच शहरात, बरानगरला, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. १९५५ साली तिथे एचईसी-२एम हा संगणक आला. भारतातला पहिला डिजिटल संगणक म्हणून तो ओळखला जातो. फोरट्रानचा कंपायलर जगात यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. यंत्राच्याच आज्ञांमध्ये लिहायचं आणि चूक असेल तर ती चालवल्यावर समजायची. आज आपल्यापाशी तपासणारा कंपायलर आहे. त्याला नेमका प्रश्न कसा विचारायचा, एवढंच शिकायचं आहे.

उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही कुठलीही वस्तू डिस्कवर ठेवणारी लायब्ररी लिहिताय. नियम असा: क्लासमध्ये ‘जतन’ नावाचं फंक्शन असेल तर ते वापरायचं, नसेल तर वस्तूचे बाइट जसेच्या तसे लिहायचे. मग प्रश्न आलाच, ‘जतन’ आहे का?

जुनी पद्धत ज्या नियमावर उभी आहे, त्याला म्हणतात स्फिने. हे नाव डेव्हिड व्हँडेव्हूर्ड यांनी दिलं. नियमाचा अर्थ असा: टेम्प्लेटच्या घोषणेत तुमचा प्रकार बसवून पाहताना काहीतरी निरर्थक तयार झालं, तर कंपायलर एरर देत नाही. तो उमेदवार गुपचूप बाद करतो आणि पुढच्याकडे वळतो. लक्षात ठेवा, ही सवलत घोषणेपुरती आहे. फंक्शनच्या आतल्या मजकुरात चूक असेल तर एरर येणारच.

या नियमाचा फायदा घेऊन लोक दोन ओव्हरलोड लिहीत. एक ‘जतन’ असेल तरच टिकणारा, दुसरा कशालाही चालणारा. दोघांच्या उत्तराचा आकार वेगळा ठेवायचा आणि साइझऑफने मोजायचं, कोण जिंकलं. सी प्लस प्लस ११ मध्ये डेक्लटाइप आलं. २०१४ साली वॉल्टर ब्राऊन यांनी व्हॉइड-टीची युक्ती मांडली, ती सी प्लस प्लस १७ मध्ये अधिकृत झाली. आणि सी प्लस प्लस २० मध्ये कन्सेप्ट आले. आता सरळ लिहायचं: रिक्वायर्स, गोल कंसात टी प्रकारची वस्तू, महिरपी कंसात ‘वस्तू टिंब जतन’ आणि रिकामे कंस. उत्तर हो किंवा नाही. जे आधी दहा ओळींत लिहावं लागायचं, ते एका ओळीत.

मग संपलं का? नाही. खरी गंमत इथून पुढे आहे.

पहिली गोष्ट. तुम्ही नेमकं काय विचारताय? ‘या नावाचं फंक्शन आहे का’ हा एक प्रश्न. ‘मी असा कॉल केला तर चालेल का’ हा दुसरा. फंक्शनचा पत्ता घेऊन तपासलंत, तर ओव्हरलोड असलेल्या क्लासपुढे ती तपासणी अडखळते, कारण कुठल्याचा पत्ता घ्यायचा ते ठरत नाही. बहुतेक वेळा दुसरा प्रश्नच हवा असतो. जसं वापरणार, तसंच तपासा.

दुसरी. रिक्वायर्सच्या महिरपी कंसात ‘आकार शून्यापेक्षा मोठा’ असं लिहिलंत, तर कंपायलर आकार मोठा आहे का ते बघत नाही. अशी तुलना लिहिता येते का, एवढंच बघतो. अट खरी असायला हवी असेल, तर आत पुन्हा एकदा रिक्वायर्स शब्द लिहावा लागतो.

तिसरी. कंपायलरला नाव कळतं, अर्थ नाही. मराठीतला ‘काढ’ घ्या. चित्राच्या क्लासमध्ये ‘काढ’ म्हणजे रेखाटन, बँक खात्याच्या क्लासमध्ये ‘काढ’ म्हणजे पैसे गेले! तपासणी दोघांनाही पास करेल.

आणि चौथी, सगळ्यात घातक. समजा, रुग्णालयाच्या नोंदींचा एक क्लास आहे. लिहिणाऱ्याने ‘जतन’ लिहिलंय, पण पुढे कॉन्स्ट लावायचं राहिलं. तुमची लायब्ररी कॉन्स्ट वस्तूवर तपासते. उत्तर येतं, नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. लायब्ररी मुकाट्याने बाइट उतरवते. त्या बाइटमध्ये रुग्णाचं नाव नसून नाव मेमरीत कुठे आहे त्याचा पॉइंटर असू शकतो. आज सगळं व्यवस्थित दिसतं. उद्या कार्यक्रम पुन्हा सुरू होतो, नोंद वाचतो, आणि त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी असतं. ज्या औषधाची ॲलर्जी लिहून ठेवली होती, ती नोंद गेली.

पाहा, तपासणी बरोबर होती. ‘नाही’ या उत्तराचं आपण काय केलं, ते चुकलं. स्फिनेचा गुपचूपपणा कंपायलरच्या कामाचा आहे. तो आपल्या रचनेत शिरू द्यायचा नाही.

उपाय दोन. एक, बाइट उतरवण्याच्या वाटेलाही अट घाला: प्रकार ट्रिव्हियली कॉपीएबल असेल तरच. तरी पॉइंटर असलेला साधा स्ट्रक्ट या अटीतून निसटतो, म्हणून शक्य असेल तिथे त्या प्रकाराच्या लेखकाकडून स्पष्ट परवानगी मागा. दोन्ही वाटा बंद असतील तर स्टॅटिक असर्ट लावून कंपायलरला थांबवा, आणि संदेशात लिहा की ‘जतन’ कॉन्स्ट आहे का ते पाहा. दोन, क्लास लिहिणाऱ्याने क्लासखालीच एक ओळ टाकावी: हा प्रकार ‘जतनयोग्य’ कन्सेप्ट पाळतो. कॉन्स्ट विसरलं, नाव चुकलं, तर तिथेच, त्याच्याच फाइलमध्ये एरर येईल. सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या स्क्रीनवर नाही.

आता तुमचं काम. तुमच्या कोडमध्ये अशी ‘असेल तर हे, नसेल तर ते’ वाट शोधा. एका क्लासमधल्या फंक्शनचं नाव मुद्दाम एका अक्षराने चुकवा आणि बिल्ड करा. बिल्ड अडलं तर छान. मुकाट्याने पार पडलं, तर आज काय दुरुस्त करायचं ते तुम्हाला सापडलं. भेटू पुढच्या भागात.