आमच्या छतावरचा हमाल

(मंडळाच्या अजमान येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कॉम्प्युटर इंजिनिअर, आयटी कन्सल्टंट. एसी हा काही माझा प्रांत नव्हे. पण गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्रीने तो मला शिकवला, तेच आज सांगतो.

आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना दम्याचा त्रास. रात्री अकराच्या सुमारास घर गरम व्हायला लागलं. मी काय केलं? थर्मोस्टॅट २४ वरून थेट १६ वर आणला! दोन वाजता पाहतो तर जाळीतून हवा जवळजवळ बंद, छतातून पाणी ठिबकतंय आणि बाबा खुर्चीत बसून धापा टाकतायत. शेवटी त्यांना शेजाऱ्यांकडे नेऊन झोपवलं. सकाळी टेक्निशियनने फॉल्स सीलिंगचं झाकण उघडलं, तर कॉइलवर चक्क बर्फ! कारण? धुळीने गच्च भरलेला फिल्टर.

"अरे, बर्फ होता तर घर गरम कसं?" आईने विचारलं. मला उत्तर देता येईना. मग वाचायला बसलो.

मंडळी, एसी थंडी तयार करतच नाही. तो घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालच म्हणा ना!

आपला माठ आठवा. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून आतलं पाणी गार. एसीत पाण्याऐवजी बंद नळ्यांतून फिरणारा गॅस असतो. फॉल्स सीलिंगमधल्या कॉइलमध्ये तो द्रवरूपात शिरतो आणि घरातल्या हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते. छतावरचा कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तशी ती दाबल्यावर बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. म्हणून तर ४५ अंशांच्या दुपारीसुद्धा ती आपली उष्णता बाहेर सोडू शकते आणि पुन्हा द्रव होते. मग एका अरुंद वाटेतून जाताना दाब उतरतो, द्रव गारेगार होतो आणि परत खाली कॉइलमध्ये. पंखा गार हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि रिटर्नच्या जाळीतून, फिल्टरमधून, तीच हवा परत ओढतो. काही इमारतींत कॉइलमधून गॅसऐवजी चिलरचं थंड पाणी फिरतं, पण हमाली तीच.

दुसरं काम दमटपणा काढण्याचं. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ही यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी! दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते. आपण तर समुद्रकाठी राहतो. थंड पाण्याच्या ग्लासावर जसे थेंब जमतात, तसं कॉइलवर पाणी जमतं आणि ड्रेनच्या पाइपातून जातं.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. फिल्टर तुंबला, की कॉइलला पुरेशी गरम हवाच मिळत नाही. हमाल तयार, पण उचलायला ओझं नाही! कॉइल शून्याखाली जाते, दमटपणाचा बर्फ होतो आणि उरलीसुरली हवाही अडते. आणि माझे १६? साधा थर्मोस्टॅट म्हणजे एक इफ-एल्स: ठरवल्यापेक्षा गरम असेल तर चालू, नाहीतर बंद. आकडा खाली आणल्याने गारवा लवकर येत नाही, कॉम्प्रेसर फक्त थांबत नाही. थोडक्यात, मी बर्फाला खतपाणी घातलं.

तेव्हा लक्षात ठेवा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टर धुवा, वाळवून बसवा. आकडा २४ च्या आसपास असू द्या. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, काही तास वितळू द्या. सुरीने खरवडू नका. सुट्टीत भारतात जाताना एसी पूर्ण बंद केलात, तर परतल्यावर भिंतींवर बुरशी स्वागताला असेल. थर्मोस्टॅट थोडा वर ठेवून जा.

अजमान म्युझियमच्या जुन्या किल्ल्यात बारजील, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, मुलांना जरूर दाखवा. त्या लोकांची भिस्त वाऱ्यावर होती. आपल्या बंद खिडक्यांच्या घरात ती एका फिल्टरवर आहे.

बाबा आता साताऱ्याला आहेत, तब्येत छान आहे. फोनवर पहिला प्रश्न असतो, "फिल्टर धुतलास का रे?" यंदा दिवाळीची जळमटं काढाल, तेव्हा तुम्हीही तो धुवा.